बाईंच्या हिरव्या बाटल्या

दर सोमवारी सकाळी बाई गळ्यातलं लिंग पदराआड नीट सारून घ्यायच्या, डोळे मिटून ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटायच्या आणि मग एका बैठकीत चार डझन अंडी फोडायच्या. काय पुटपुटायच्या ते मी सात वर्षांत कधी विचारलं नाही. विचारायची टापच नव्हती. पण जन्मात अंड्याचा घास न घेतलेल्या या लिंगायत बाईइतकं सफाईनं अंडं फोडणारं माणूस मी आजवर दुसरं पाहिलेलं नाही. लग्नानंतर बायकोसमोर हे एकदा बोलून गेलो, तर तिनं आठ दिवस घरात अंडं येऊ दिलं नाही.

आमचा क्षयाचा दवाखाना सोलापुरात, सात रस्त्यापासून चालत दहा मिनिटांवर. त्याच्या मागच्या अंगाला पत्र्याच्या छपराची लांबट खोली होती, तीच प्रयोगशाळा. बाई तिथल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. एवढा मोठा शब्द दारावरच्या पाटीवर मावेना, म्हणून पेंटरनं शेवटची दोन अक्षरं खालच्या ओळीत ढकलली होती. मी त्यांचा टेक्निशियन. वय पंचवीस, डोकं तापट, आणि आपल्याला सगळं कळतं ही खात्री. दुष्काळ नुकताच सरला होता आणि सरकारी नोकरी मिळाली म्हणून मी हवेतच होतो.

माझं आडनाव वेगळंच आहे. पण पहिल्या दिवशी बाईंनी विचारलं, "गाव कुठलं?" म्हटलं, "वैराग." झालं, त्या क्षणापासून मी वैरागकर. शिपाई मंद्रूपचा, तो मंद्रूपकर. मोठे डॉक्टर पुण्याचे. त्यांना तोंडावर सर आणि माघारी पुणेकर. मी एकदा चिडून म्हणालो, "बाई, मला आडनाव आहे की." तर म्हणाल्या, "आडनावावरून जात कळते, गावावरून पाणी कळतं. मला पाण्याशी काम आहे."

आता त्या अंड्यांचं सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटायचं आम्ही तिथं खानावळ चालवत होतो. क्षयाचा जंतू लई नखरेल. बाकीचे जंतू रात्रीतून कशावरही वाढतात. याला अंडं लागतं, ग्लिसरीन लागतं, वर हिरवा रंग लागतो. हे सगळं एकत्र करून छोट्या बाटल्यांत भरायचं, बाटल्या तिरक्या ठेवून वाफेवर घट्ट करायच्या, आणि त्यावर पेशंटचा बेडका पेरायचा. मग त्या अंगाच्या उबेएवढ्या गरम पेटीत ठेवून सहा-आठ आठवडे गप्प बसायचं. जंतू जिवंत असले तर त्या हिरव्यावर भाकरीच्या चुऱ्यासारखं फिकट पिवळं पीक येतं. एखादं औषध लागू पडतंय का हे बघायचं असेल तर ते औषध बाटलीतच मिसळायचं. पीक आलं नाही तर औषध चांगलं. औषध असूनही पीक आलं, म्हणजे जंतू त्या औषधाला सरावला, आता ते पोटात घातलं काय आणि गटारात टाकलं काय. आणि या औषधाच्या बाटल्यांशेजारी एक बिनऔषधाची बाटली ठेवायचीच ठेवायची. तिला आम्ही साधी बाटली म्हणायचो.

"आधी साधी बाटली बघा," हे बाईंचं पालुपद. साध्या बाटलीत पीक नसेल तर बाकीच्या बाटल्यांना काही अर्थ नाही. हा नियम त्यांनी प्रयोगशाळेपुरता ठेवला असता तर आम्ही सुखी असतो. मंद्रूपकर एकदा पेढे घेऊन आला. नवस बोललो म्हणून पोरगं मॅट्रिक झालं, म्हणाला. बाईंनी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "नवस न बोललेली किती पोरं पास झाली हो त्या शाळेत?" मंद्रूपकराचं तोंड एवढंसं झालं. पुढं त्यानं बाईंना कशाचेच पेढे दिले नाहीत.

बाईंचं खोकणं बघायला तर लोक थांबायचे. पेशंट सकाळी डबीत नुसती थुंकी आणून द्यायचे. तिचा काही उपयोग नाही, छातीतला बेडकाच पाहिजे. आता हे सांगायचं कसं? बाई व्हरांड्यात यायच्या. इरकल नेसलेल्या, कपाळाला विभूतीचा पट्टा, डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा. रांगेपुढं उभ्या राहून, कमरेवर हात ठेवून असा काही खोल खोकला काढायच्या की छपरावरची कबुतरं उडायची. "असा! घशातनं नाही, पोटापासनं!" मग सगळी रांग एका सुरात खोकायची. एकदा वरच्या ऑफिसातून साहेब तपासणीला आले ते नेमके त्याच वेळी. ते फाटकातूनच परत फिरले आणि चिठ्ठी पाठवून म्हणाले, पुढच्या महिन्यात येतो.

उन्हाळा म्हणजे आमची परीक्षा. ती गरम पेटी बनवली कुणा थंड गावच्या माणसानं. ती तापवू शकते, गार करू शकत नाही. आणि सोलापूरचा मे महिना! पेटीला पाहिजे सदतीस, खोलीतच बेचाळीस. जंतू आत उकडून मरायचे. बाईंनी घरून दोन सोलापुरी चादरी आणल्या, त्या ओल्या करून पेटीवर पांघरल्या आणि समोर टेबलफॅन लावला. दर तासाला चादरीवर पाणी मारायचं काम माझ्याकडे. मी धुसफुसायचो, "मी डिप्लोमा केलाय बाई, माळीकाम नाही." त्या म्हणायच्या, "शेतकऱ्याचं पोर ना तुम्ही? मग पिकाला पाणी द्या." बोलताना मधेच कन्नडमध्ये जंतूंशी बोलायच्या, "निधान, निधान." म्हणजे सावकाश. माझ्याशी इतक्या मायेनं त्या कधी बोलल्याचं मला आठवत नाही.

अशात नरसम्माची गोष्ट घडली.

नरसम्मा शहराच्या पूर्वभागात राहायची, तेलुगू पद्मशाली. घरी बसून विड्या वळायची, नवरा यंत्रमागावर. वय असेल बावीस-तेवीस. वर्षभर इंजेक्शनं झाली, गोळ्या झाल्या, तरी खोकला जाईना, बेडक्यात जंतू दिसायचे थांबेनात. मोठे डॉक्टर माणूस वाईट नव्हते. रांग रोज फाटकापर्यंत असायची, एकेका पेशंटला दोन मिनिटंसुद्धा मिळायची नाहीत. त्यांचा एकच अनुभव होता आणि तो बऱ्याचदा खराही असायचा, की थोडं बरं वाटलं की लोक गोळ्या सोडतात. त्यांनी नरसम्माच्या कार्डावर लाल शाईनं शेरा मारला, 'गोळ्या नियमित घेत नाही.' तीन महिन्यांनी पुन्हा तोच शेरा. तिसरा शेरा पडला की नाव कमी, औषध बंद, हा दवाखान्याचा नियम.

तो शेरा कुणीतरी शेजाऱ्यानं तिच्या सासूला वाचून दाखवला आणि घरात आग लागली. सासूचं म्हणणं, ही मुद्दाम गोळ्या फेकते, बरी झाली तर विड्या जास्त वळाव्या लागतील ना! नरसम्माला दोन वर्षांची पोर होती. सासू ती पोर तिच्या जवळ येऊ देईना. तिसरा शेरा पडला की हिला तेलंगणात बापाकडे धाडून द्यायची, पोर इथं ठेवून, असं घरात ठरलं होतं. हे सगळं नरसम्मानं बाईंना सांगितलं तेव्हा मी तिथंच बाटल्या धूत होतो. ती रडत नव्हती. एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "मी गोळी खाल्ली की अम्मा. रोज खाल्ली की."

बाईंनी तिला विचारलं, "उद्यापासनं इथं येऊन गिळशील?" ती म्हणाली, "गिळते." आणि ती रोज आली. सहा आठवडे, एक दिवस न चुकता. खिडकीशी उभी राहायची, माझ्यासमोर गोळी गिळायची, तोंड उघडून जीभ वर करून दाखवायची. सहा आठवड्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं, तर जंतूंच्या लाल लाल काड्या तशाच. मोठे डॉक्टर म्हणाले, "बाहेर जाऊन ओकून टाकत असेल." आणि खोटं कशाला बोलू, मलाही ते पटलं. दुसऱ्या दिवशी मी तिच्यावर खेकसलो, "खरं सांग, गोळ्या कुठं टाकतेस?" ती म्हणाली, "साहेब, तुमच्या पुढ्यात गिळते की हो." मी तोंड फिरवलं. त्या तोंड फिरवण्याची मला आजही शरम वाटते.

बाईंना ते पटलं नव्हतं. त्यांचं म्हणणं, जंतू औषधाला सरावलाय. तसं असेल तर नवी औषधं होती, मोठ्या इस्पितळाच्या कोठारात कुलपात. जुनी औषधं चालत नाहीत असा प्रयोगशाळेचा रिपोर्ट दाखवल्याशिवाय ती कुणाला मिळायची नाहीत. म्हणजे नरसम्माचा जीव आणि तिची पोर, दोन्ही आमच्या बाटल्यांवर अवलंबून. गुढीपाडव्याच्या आसपास बाईंनी तिचा बेडका पेरला. एक साधी बाटली, एक इंजेक्शनाच्या औषधाची, एक गोळीच्या औषधाची. मग चादरी, फॅन, पाणी, आणि निधान.

आठ आठवडे झाले. तिन्ही बाटल्या कोऱ्या.

मोठे डॉक्टर स्वतः बघायला आले. बाटली उजेडाला धरून म्हणाले, "अभिनंदन बाई! जंतूच नाहीत, तर सरावणार कोण?" मी हळूच हसलो. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पेटीतल्या बाकीच्या बाटल्या भराभर बाहेर काढायला सुरुवात केली. पाडव्यानंतर पेरलेल्या सगळ्या पेशंटच्या, सगळ्या साध्या बाटल्या. सगळ्या कोऱ्या, लख्ख हिरव्या. बाईंनी चष्मा काढला, पुसला, घातला. "काय हो सर, सोलापुरातला क्षय दोन महिन्यांत संपला की काय?"

डॉक्टर म्हणाले, "तुमच्या खोलीत काय चुकलं ते तुम्ही शोधा. मी फार तर तीन महिने थांबतो. मग शेरा मारीन आणि नाव कमी करीन. मागं रांग आहे."

पुढचे चार दिवस बाईंनी मला घाण्याला जुंपल्यासारखं राबवलं. थर्मामीटर तपासला, ग्लिसरीन तपासलं, पाणी तपासलं. मी तासातासाला चादर भिजवली होती का, हे मंद्रूपकराला वेगळं बोलावून विचारलं. मला राग आला. मी भिजवली होती हो! पण दुसरी एक गोष्ट मी त्यांना सांगितली नव्हती. चौथ्या दिवशी बाईंनी शेवटचा प्रश्न विचारला, "अंडी कुठली?"

मी म्हणालो, "नेहमीचीच."

हे खोटं होतं. नेहमीची अंडी वळसंगची गौराक्का आणायची. दर सोमवारी एसटीनं टोपली घेऊन यायची. अंडी लहान-मोठी, कुठं शेण चिकटलेलं, कुठं पीस. प्रत्येक अंडं साबण लावून ब्रशनं घासायचं, मग स्पिरिटमध्ये बुडवायचं, हे माझं काम. मला त्याची शिसारी यायची. पाडव्याच्या सुमाराला गावाबाहेर एक नवीन पोल्ट्री निघाली. तिथली अंडी पांढरीशुभ्र, एका मापाची, घासायला काही नाहीच. मी गौराक्काला सांगितलं, आता येऊ नको. बाईंना सांगितलं नाही. सांगायचं काय त्यात, अंडं ते अंडं.

बाई पुन्हा कामाला लागल्या. अर्धा तास गेला. खिडकीशी नरसम्मा आली, रोजच्यासारखी. गोळी गिळली, तोंड उघडलं, जीभ वर केली. मी बघितलं आणि मला सहनच झालं नाही. इथं रोज जीभ दाखवावी लागतीय तिला, आणि खोटं बोलतोय मी! तसाच बाईंपुढं जाऊन उभा राहिलो. "बाई, अंडी नेहमीची न्हाईत. मी बदलली. पोल्ट्रीची हायती." घाबरलो की माझी वैरागची भाषा बाहेर पडते.

मला वाटलं आता नोकरी गेली. बाई ताडकन उठल्या. "चपला घाला," म्हणाल्या. "कुठली पोल्ट्री?"

पोल्ट्रीचा मालक भला माणूस होता. अंड्यांचं मोठं गिऱ्हाईक आलं म्हणून त्यानं खुर्च्या मांडल्या, चहा सांगितला. बाईंनी विचारलं, "कोंबड्यांना खायला काय घालता?" तो अभिमानानं उठला आणि पोतं उघडून दाखवलं. "बाईसाहेब, आमच्याकडं रोग म्हणून नाहीच! खाण्यातच औषध मिसळून येतंय. ही बघा पुडी." बाईंनी पुडी वाचली. अँटिबायोटिक! आमच्या इंजेक्शनाचं नव्हे, वेगळंच, पण जंतू मारणारंच. ते कोंबडीच्या पोटातून अंड्यात, अंड्यातून आमच्या बाटलीत. आमच्याकडे साधी बाटली उरलीच नव्हती. औषध आम्हीच घालत होतो, चार डझन दर सोमवारी.

आणि बाई हसायला लागल्या. अशा हसल्या की चष्मा हातात घ्यावा लागला. मालक बिचारा गोंधळला. "कोंबडीला न मागता औषध," त्या म्हणाल्या, "आणि माझी नरसम्मा मागून थकली!" मग एकदम गंभीर होऊन त्याला म्हणाल्या, "दादा, निरोगी कोंबडीला रोज औषध देऊ नका हो. त्यांच्या पोटातले जंतू पण शिकतात." तो हो हो म्हणाला. ऐकलं असेल असं मला वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही वळसंगला. गौराक्का अंगणात ज्वारी पाखडत होती. बाईंना बघून "बर्री, कूड्री", या, बसा, म्हणत तिनं घोंगडं टाकलं. माझ्याकडे मात्र बघितलंसुद्धा नाही. बाईंनी अंडी मागितली तसं तिचं तोंड सुटलं. "ह्योच बाबा म्हनला की, तुजी अंडी शेनानं भरल्याली असत्यात, येऊ नगं. कोंबडी भुईवर फिरती, शेन लागंल न्हाय तर काय अत्तर लागंल?" मी मान खाली घातली. मग तिनं बाईंच्या कपाळाकडे बघितलं. "पर बाई, तुमी लिंगायताच्या. अंडी कशाला वो?"

"खात नाही. फोडते."

"फोडून?"

"जंतूंना घालते."

"अगं बया!" गौराक्कानं सूप खाली ठेवलं. "जंतूस्नी अंडी चारतायसा, तर त्ये मरनार कसं?"

बाई तिच्याशेजारी बसल्या आणि अर्ध्या मराठीत, अर्ध्या कन्नडमध्ये तिला सगळं समजावून सांगितलं. साधी बाटली, औषधाची बाटली, नरसम्मा, तिची पोर, सगळं. मोठ्या डॉक्टरांनासुद्धा त्यांनी इतक्या सबुरीनं समजावलं नव्हतं. गौराक्का ऐकत होती. शेवटी माझ्याकडे बोट करून म्हणाली, "ह्यो माफी मागू दे. मग न्या." मी मागितली. खालमानेनं का होईना, पण मनापासून मागितली.

एवढ्यावर सुटेन असं मला वाटलं. कसलं काय! बाई म्हणाल्या, "वैरागकर, आज तुम्ही इथं थांबा. या कोंबड्या दिवसभर काय खातात ते लिहून आणा." आणि एसटीनं निघून गेल्या. डिप्लोमा घेतलेला मी माणूस दिवसभर वळसंगच्या उन्हात बाभळीखाली बसून कोंबड्यांच्या मागं बघत होतो. गावातली माणसं येऊन विचारायची, "सर्वे हाय का?" मी म्हणायचो, व्हय. तो कागद अजून मला पाठ आहे. 'सकाळी सांडलेली ज्वारी. नंतर मुंग्या, एक गोम. दुपारी परातीतली भाकरी, चोरून. औषध, नाही.' बाईंनी तो संशोधनाच्या फायलीत लावला, वर नंबर घातला आणि खाली माझी सही घेतली.

मृगात पुन्हा पेरणी केली. गौराक्काची अंडी मी एकेक घासली, आणि या वेळी शिसारी आली नाही. नरसम्माच्या तीन बाटल्या आणि शेजारी बार्शीच्या एका गिरणी कामगाराच्या तीन. तो गडी जुन्या औषधांनीच बरा होत होता. आठवडे मोजण्यात जीव अर्धा झाला. डॉक्टरांची मुदत श्रावणात संपत होती. नरसम्मा वाळत चालली होती, खिडकीचा गज धरल्याशिवाय तिला उभं राहता येईना. एक दिवस ती आलीच नाही. मी जेवण टाकून सायकलवर तिच्या घरी गेलो आणि दाराबाहेर उभा राहून, सासूच्या शिव्या खात, तिला गोळी गिळायला लावून आलो. माझ्यावर उपकार कर आणि मरू नको, एवढंच मला तिला म्हणायचं होतं. म्हणता आलं नाही.

सहावा आठवडा. सकाळी पेटी उघडायचं काम बाईंचं, मी मागं राखेच्या डब्याशी, बाटल्या घासत. आणि एकदम आवाज आला, "बंतु! वैरागकर, बंतु!" आलं, आलं! मी धावलो. बाईंच्या दोन्ही हातांत बाटल्या होत्या. नरसम्माची साधी बाटली, भरगच्च पीक. इंजेक्शनाची बाटली, भरगच्च पीक. गोळीची बाटली, तीही भरलेली. आणि शेजारी बार्शीकराची साधी बाटली भरलेली, औषधाच्या दोन्ही कोऱ्या करकरीत. आंधळ्यानं हात लावून सांगावं इतकं स्पष्ट! बाईंनी बाटल्या जाळीत ठेवल्या, पदर खोचला आणि मंद्रूपकराला ओरडून सांगितलं, "पेढे आणा हो! आज मी खाणार!" आणि वर म्हणाल्या, "न विचारता खाणार!"

त्या सहाच्या सहा बाटल्या घेऊन बाई मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत शिरल्या आणि टेबलावरच्या कागदांवर जाळी ठेवली. "हात लावू नका सर, जिवंत आहेत. आधी साधी बाटली बघा." डॉक्टरांनी बघितलं. एकेक बाटली बघितली, पुन्हा पहिलीपासून बघितली. मग ते हळू आवाजात म्हणाले, "बाई, इतके महिने मी तिला बोल लावतोय." आणि लगेच, "रिपोर्ट लिहा. आत्ता सही करतो." माणूस वाईट नव्हता असं मी म्हणालो, ते यासाठी.

"आणि कार्डावरचे दोन शेरे?" बाईंनी विचारलं.

"सरकारी कागदावर खाडाखोड करता येत नाही, बाई. औषध मिळतंय ना?"

"औषध तिच्या छातीला मिळतंय. घरात तिचं नाव तसंच आहे."

डॉक्टरांनी हात जोडले. बाईंनी जाळी उचलली. पण त्यांनी सोडलं नाही. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला त्या डॉक्टरांना एक रीतसर अर्ज पाठवायच्या, विषय, 'शेरा.' मजकूर तोच. डॉक्टर तो फायलीला लावायचे. अशी एक वेगळी फाईलच झाली.

नवी औषधं भयंकर होती. नरसम्मा ओकायची, डोळे पिवळे पडायचे, घेरी यायची. तरी पुन्हा गिळायची. दिवाळीला तिचा खोकला थांबला. संक्रांतीला तिच्या गालावर मांस दिसलं. पुढच्या उन्हाळ्यात सूक्ष्मदर्शकाखाली एकही काडी दिसेना, पण बाई त्यावर खूश होतात थोड्याच! तिची साधी बाटली आठ आठवडे कोरी, आणि त्याच सोमवारच्या त्याच अंड्यांवर दुसऱ्यांच्या साध्या बाटल्या भरलेल्या. असं लागोपाठ तीन वेळा झालं तेव्हा बाई म्हणाल्या, "बरी झाली." आणि त्या दिवशी तिला खिडकीतून नाही, दारातून आत बोलावलं.

औषध पूर्ण झालं त्या दिवशी नरसम्मा सासूला घेऊन आली. पोर आता साडेतीन वर्षांची, आजीच्या लुगड्यामागं लपलेली. रांग नेहमीसारखी फाटकापर्यंत. मोठे डॉक्टर स्वतः खोलीबाहेर आले. हातात ती शेऱ्याची फाईल. बाईंकडे न बघता त्यांनी नरसम्माचं कार्ड मागून घेतलं, व्हरांड्याच्या कठड्यावर ठेवलं आणि लिहिलं. सही केली, शिक्का मारला. तिला कार्ड परत देताना म्हणाले, "माझं चुकलं होतं."

नरसम्माला वाचता येत नव्हतं. तिनं कार्ड माझ्यासमोर धरलं. "अत्तम्माला वाचून दाखवा." अत्तम्मा म्हणजे सासू. मी वाचलं, "मागील दोन्ही शेरे चुकीचे आहेत. रुग्णानं सर्व औषधं नियमित घेतली. जुनी औषधं या रोगावर चालत नव्हती. रुग्णाचा काहीही दोष नाही."

सासू जमिनीकडे बघत होती.

"इंकोसारी," नरसम्मा म्हणाली. अजून एकदा. आवाज चढवून म्हणाली. मी पुन्हा वाचलं, या वेळी सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं. म्हातारीनं पाठीमागं हात घालून पोरीला पुढं ओढलं आणि नरसम्माकडे ढकललं. नरसम्मानं तिला उचलून घेतलं. दोन वर्षांनंतर. पोर आधी बावरली, मग तिनं आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. बाईंनी चष्मा काढला आणि पदरानं डोळे पुसले, उघडउघड, सगळ्यांसमोर.

मग रांगेतला एक म्हातारा पुढं आला. त्यानं मुंडाशातून मळकं कार्ड काढलं आणि माझ्यापुढं धरलं. "माज्यावर बी लाल शाईनं कायतरी लिव्हलंय. त्येवडं बगा की." त्याच्या मागची बाई पिशवीत कार्ड शोधायला लागली. तिच्या मागं आणखी दोघं, आणि फाटकापाशीही हात वर झाले. मोठे डॉक्टर पेनाला टोपण लावत होते, ते थांबले.

बाई आत गेल्या, प्रयोगशाळेतलं स्टूल उचलून आणलं आणि डॉक्टरांच्या मागं ठेवलं.

"बसा सर," म्हणाल्या. "वैरागकर, वाचा."

आणि डॉक्टर बसले.